चेन डाव्या बाजूला घ्यायची असेल तर आधी आटे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्टीलच्या फ्रेमची जुनी सिंगल-स्पीड सायकल आहे, चेन उजवीकडून डावीकडे न्यायची आहे. मेकॅनिक म्हणतो, मागचं चाक डावी-उजवी बाजू बदलून बसवा, दोन्ही क्रँकची अदलाबदल करा, की झालं. हे खरं का, आणि एवढं करून फायदा काय?

मेकॅनिकने सांगितलं तसं केलंत तर पहिल्याच पेडलला पाय रिकामा फिरेल आणि सायकल जागची हलणार नाही. फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरच्या, एका दिशेने मोकळं फिरणाऱ्या दातेरी चकतीच्या) आतले कुत्ते, म्हणजे छोटे खटके, एकाच दिशेने पकड घेतात. उजवीकडून बघितलं तर पुढे जाताना चाक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं, डावीकडून बघितलं तर त्याच्या उलट. चाक फिरवून लावलं की फ्रीव्हील जिथे पकडायला हवं तिथे सुटं फिरतं. उलटं पेडल मारलं की मात्र पकडतं आणि सायकल मागे जाते. शिवाय फ्रीव्हील हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) चढतं ते साध्या, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर आवळल्या जाणाऱ्या सुलट्या आट्यांवर (१.३७ इंच, इंचाला २४ आटे). उजवीकडे असताना प्रत्येक पेडलला ते आणखी घट्ट होत जातं, म्हणून तर जुनं फ्रीव्हील काढताना इतका घाम निघतो. डावीकडे तोच जोर ते सोडवण्याच्या दिशेने लागतो. म्हणजे कुत्ते उलटे फिरवायची काही युक्ती सापडली, तरी अख्खं फ्रीव्हील हबवरून उतरून येईल.

चेन उजवीकडेच का असते याबद्दल घोडा, तलवार, डाव्या बाजूने टांग टाकणं अशा बऱ्याच कथा सांगतात. मला स्वतःला पटतं ते कारण हे आट्यांचं. नेहमीच्या सुलट्या आट्यांनी काम होतं आणि ते आपोआप घट्ट राहतं, तर कोणताही कारखाना तीच बाजू निवडेल.

चेन तशी बिनतक्रार बाई आहे. सिंगल-स्पीडची चेन कुठल्याही बाजूला, कशीही घाला, तिला फरक पडत नाही. जे काही अडतं ते आट्यांपाशी अडतं. म्हणून प्रत्येक जोडाला एकच प्रश्न विचारायचा: चेन डावीकडे आल्यावर हा जोड घट्ट होईल की सुटेल?

सगळ्यात जास्त फसगत पेडलपाशी होते. उजव्या पेडलचे आटे सुलटे आणि डाव्याचे उलटे, हे बहुतेकांना माहीत असतं. कारण मात्र अनेकजण चुकीचं सांगतात. बेअरिंगच्या घर्षणाने पेडल फिरून घट्ट होतं, असा समज आहे. प्रत्यक्षात घर्षण पेडल सोडवायच्या दिशेने ओढतं. घट्ट करणारी गोष्ट वेगळीच आहे. एक पेन्सिल सैलसर मुठीत धरा आणि तिचं बाहेरचं टोक गोल गोल फिरवा. टोक ज्या दिशेने फिरवाल त्याच्या उलट दिशेने पेन्सिल स्वतःभोवती हळूहळू फिरते. पेडलच्या एक्सलचं असंच होतं. पायाचा भार कायम खाली असतो, पण क्रँक फिरत असल्यामुळे क्रँकच्या दृष्टीने तो भार भोकाच्या आत गोल फिरत राहतो, आणि एक्सल आट्यांमध्ये अगदी सूक्ष्म गतीने लोळत जातो. उजव्या बाजूला या लोळण्याने सुलटा आटा आवळला जातो, डाव्या बाजूला उलटा. हा परिणाम बारीक असला तरी घर्षणाला पुरून उरतो. बेअरिंग साफ जाम झालं तरच घर्षण जिंकतं आणि पेडल सुटतं. तेही बरंच आहे, नाहीतर जाम पेडल पाय मुरगळेल.

आता उजवा क्रँक, चेनव्हीलसकट, डावीकडे लावला तर त्यातलं पेडलचं भोक सुलट्या आट्यांचं असतं. पेडल व्यवस्थित बसेल, घट्टही वाटेल, आणि चालवता चालवता सुटत जाईल. कॉटर पिनचा क्रँक असो की चौकोनी एक्सलचा, क्रँक दुसऱ्या बाजूला चढतो म्हणून लोक फसतात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पेडलच्या एक्सलच्या कडेवरून क्रँकवर मार्करने एक सरळ रेघ ओढा आणि चक्कर मारून या. रेघेचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्यात नखाएवढं अंतर पडलं, तर समजा पेडल निघालंय. बरं, अर्धवट सुटलेलं पेडल नुसतं गळून पडत नाही. राहिलेल्या दोन-तीन आट्यांवर तुमचं वजन येतं आणि ॲल्युमिनियमच्या क्रँकमधले आटे ओरबाडून निघतात. म्हणजे पेडल गेलं, क्रँक गेला आणि उभं राहून जोर लावत असाल तर तुम्हीही गेलात.

यावर लॉकटाइटसारखा गोंद लावून ३५-४० न्यूटन-मीटरला आवळा, असा सल्ला मिळतो. प्रदर्शनात ठेवायच्या सायकलला ठीक आहे. रस्त्यावरच्या सायकलला मी तो देणार नाही. दुसरा उपाय म्हणजे भोक मोठं करून उलट्या आट्यांचा बुश (आत आटे असलेली छोटी नळी) बसवणं. आटे गेलेले क्रँक दुरुस्त करण्यासाठी असे बुश मिळतात. चांगल्या हाताने केलं तर टिकतं, पण त्या खर्चात आणि खटाटोपात सरळ योग्य क्रँक येतो.

योग्य क्रँक दोन ठिकाणी सापडतो. पहिलं ठिकाण दोघांच्या टँडम सायकलचं. अनेक टँडमवर पुढच्या आणि मागच्या स्वाराला जोडणारी चेन डाव्या बाजूला असते, म्हणून तिथे डाव्या क्रँकलाच चेनव्हील बसवायचा पंजा असतो आणि पेडलचे आटे उलटेच असतात. तो डावा क्रँक घ्या, उजवीकडे साधा, पंजा नसलेला उजवा क्रँक लावा, प्रश्न मिटला. दुसरं ठिकाण बीएमएक्सचं, म्हणजे कसरतींच्या छोट्या चाकांच्या सायकलींचं. तिथल्या तीन भागांच्या बऱ्याच क्रँकमध्ये दोन्ही दांड्यांना चेनव्हीलच्या बोल्टसाठी जागा असते, चेनव्हील पाहिजे त्या बाजूला लावा. मात्र बीएमएक्सच्या फ्रेमला बीबीची (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्या बेअरिंगमध्ये फिरतो त्याची) नळी मोठ्या व्यासाची, बिनआट्यांची असते. तुमच्या जुन्या फ्रेममध्ये तो क्रँक बसवायला त्याच्या एक्सलच्या मापाचं, आट्यांचं वेगळं बीबी लागेल, म्हणून तुमच्यासाठी टँडमचा बरा. स्वस्त सायकलींवरचा एकाच लोखंडी दांड्याचा, वाकवून केलेला क्रँक असेल तर विषयच संपला, तो फिरवता येत नाही.

बीबीच्या कपांना, म्हणजे नळीत दोन्हीकडून बसणाऱ्या बेअरिंगच्या वाट्यांना, मात्र हात लावू नका. इंग्लिश मापाच्या बीबीत उजवा कप उलट्या आट्यांचा आणि डावा सुलट्या आट्यांचा असतो, म्हणजे पेडलच्या नेमकं विरुद्ध. ते चेनच्या बाजूवर नाही, क्रँक कुठल्या दिशेने फिरतो त्यावर ठरलंय, आणि ती दिशा बदलत नाही. फक्त एक्सल तपासा. जुन्या कप-छर्ऱ्यांच्या बीबीत एक्सलचं उजवं टोक पुष्कळदा लांब असतं, कारण चेनव्हील तिकडे. दोन्ही टोकं समान असलेलं सीलबंद बीबी घातलंत तर चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनचं अंतर) डावीकडे जशीच्या तशी मिळते. इटालियन मापाची फ्रेम असेल (नळी ७० मिमी, इंग्लिशची ६८) तर दोन्ही कप सुलट्या आट्यांचे असतात आणि उजवा कप ढिला होण्याची खोड मुळातच आहे. ती चेन हलवल्याने जाणार नाही.

मागचं हब हा खर्चाचा भाग. फ्रीव्हील हवंच असेल तर डाव्या बाजूसाठी बनवलेलं हब घ्यावं लागेल, आणि ते पुन्हा बीएमएक्सवाल्यांकडेच मिळतं. त्यांच्यात ही चैन नाही, गरज आहे. रेलिंगवर किंवा कठड्यावर उजव्या बाजूने घासत जाणाऱ्या खेळाडूची उजवीकडची चेन आणि चेनव्हील चेचून निघतं, म्हणून तो ती डावीकडे नेतो. प्रोफाइल आणि ओडिसी यांची डाव्या चेनची हब याच मंडळींसाठी आहेत. असं हब ३६ भोकांचं असेल तर ३६ भोकांच्या कुठल्याही रिमवर विणता येतं, लहानच चाक हवं असं नाही. मागे ९ दातांचा ड्रायव्हर (हबमध्येच असलेली छोटी दातेरी चकती) बघून दचकू नका. पुढे २५ दात लावले तर गुणोत्तर २.७८ येतं, म्हणजे ४४ ला १६ (२.७५) च्या जवळपास तेच. खरी अडचण एक्सलची आहे. बीएमएक्सचा मागचा एक्सल बहुधा १४ मिमीचा असतो आणि तुमच्या फ्रेमची, एक्सल ज्यात बसतो ती खाच साधारण १० मिमीची. खाच कानशीने घासून मोठी करायचा मोह आवरा. त्या टोकाला सगळा भार असतो.

फिक्स्ड, म्हणजे पेडल कायम चाकाबरोबर फिरणारी सायकल चालणार असेल तर काम बरंच सोपं होतं, कारण कुत्त्यांचा प्रश्नच राहत नाही. ट्रॅकच्या (स्पर्धेच्या धावपट्टीवरच्या सायकलच्या) हबवर स्प्रॉकेट, म्हणजे मागची दातेरी चकती, सुलट्या आट्यांवर आणि त्यावरची लॉकरिंग, म्हणजे ती दाबून धरणारी कडी, उलट्या आट्यांवर असते. हे चाक फिरवून डावीकडे घेतलं तर पुढे पेडल मारताना स्प्रॉकेट सुटायला बघतं, लॉकरिंगला ढकलतं, आणि लॉकरिंग उलट्या आट्यांमुळे आणखी आवळली जाते. म्हणून ते धरून राहतं, आणि लोक चालवतातही. पण नेहमी फक्त मागे रेटण्याचा भार घेणारी ती बारीक लॉकरिंग आता तुमच्या पायाचा पूर्ण जोर घेते. चढावर उभं राहून जोर लावणाऱ्याने हे करू नये. आणि लॉकरिंगसाठी वेगळी उलट्या आट्यांची पायरी नसलेल्या साध्या हबवर तर मुळीच नाही, तिथे स्प्रॉकेट पहिल्या जोरालाच सुटेल.

माझी पसंती आहे ती डिस्क ब्रेकच्या हबला. रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, डावीकडे सहा बोल्टवर बसतो, बोल्टचं वर्तुळ ४४ मिमीचं. त्याच सहा बोल्टवर बसणारी फिक्स्ड स्प्रॉकेट मिळतात. बोल्टला पुढे-मागे सारखंच, त्यामुळे सुटण्याची दिशाच उरत नाही. १३५ मिमी रुंदीच्या मागच्या हबवर चेनलाइन ५० मिमीच्या आसपास येते, चेनव्हील त्या रेषेत आणायला एक्सलची लांबी त्या हिशोबाने निवडा. दोन गोष्टी सांभाळा: स्पोक एकमेकांवरून ओलांडून विणलेले असावेत, सरळ केंद्रातून रिमकडे जाणारे नकोत, आणि बोल्ट रोटरच्या बोल्टइतकेच, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. तुमच्या फ्रेमच्या मागच्या खाचांमधलं अंतर १२० मिमी असेल तर १३५ चं हब आत जाणार नाही. स्टीलची आहे म्हणून फाकवता येते, पण दोन्ही टोकं समांतर राखणं जाणत्या हाताचंच काम.

गिअरचा विचार असेल तर तो सोडून द्या. डावीकडे चालणारा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग), तो टांगायचा हँगर, उलट्या बाजूने कापलेल्या दातांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), असं सगळं आरशातल्यासारखं बनवून घ्यावं लागेल. आतल्या गिअरचं हब आणि पेडल उलटं मारून लागणारं ब्रेकचं हबही उलटता येत नाही.

फायद्याचं बोलायचं तर कठड्यावर घासणाऱ्यांना खरा फायदा आहे. दुसरा दावा ट्रॅकवरच्या स्पर्धेतला. रिओ ऑलिंपिकला २०१६ मध्ये अमेरिकेच्या महिला सांघिक परस्यूट (पाठलागाची शर्यत) संघाने फेल्ट कंपनीच्या, डावीकडे चेन असलेल्या सायकली चालवल्या. ट्रॅकवर कायम डावीकडेच वळायचं असल्यामुळे दोन्ही बाजूंना हवा सारखी लागत नाही, चेन डावीकडे नेली तर हवेचा विरोध थोडा कमी होतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्या संघाला रौप्य मिळालं, सुवर्ण ब्रिटनने नेलं, आणि ब्रिटनची चेन उजवीकडेच होती. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये जपानच्या ट्रॅक सायकलींनाही चेन डावीकडे होती. तिथे सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी झगडा असतो. रस्त्यावर डावी-उजवीकडे वळणाऱ्या आपल्यासारख्यांना यातलं काही मिळत नाही. डावखुरेपणाचाही इथे काही संबंध नाही. वेगळं दिसावं म्हणून करायचं असेल तर जरूर करा, ते कारण मला पुरेसं आहे.

रोजच्या वापरात मात्र एक गोष्ट लगेच जाणवेल. बहुतेक सगळे सायकल डाव्या बाजूला उभं राहून ढकलतात आणि डावीकडूनच टांग टाकतात. आता वंगणाने माखलेली चेन तुमच्या पोटरीशी असेल, आणि पँटचा डावा पाय दुमडावा लागेल. डावीकडचा स्टँड चेनच्या आड येतो का तेही बघून ठेवा. आणि फिक्स्ड केलीत तरी पुढे हाताचा चांगला ब्रेक हवाच. मागचा डिस्क ब्रेक आता बसणार नाही, त्याची जागा स्प्रॉकेटने घेतली आहे.

काही मागवण्याआधी तीन मापं घ्या: मागच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर, खाचेची रुंदी आणि बीबीच्या नळीची लांबी. शिवाय मागचं चाक काढून डाव्या चेनस्टेचा (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीचा) एक फोटो वरून काढा. काही फ्रेममध्ये चेनव्हीलसाठी फक्त उजवी नळी चेपलेली असते आणि डावीकडे दात नळीला लागतात. मापं आणि फोटो इथेच टाका, मग हब कोणतं घ्यायचं ते ठरवू.