‘कुंचलारहित दुहेरी-भरण जनित्र’ चालेल का?

प्रश्न : नाशिकला आयटीआयच्या मुलांसाठी पवनचक्कीवर मराठी टिपण तयार होत आहे. ‘ब्रशलेस डबली-फेड जनरेटर’साठी मसुद्यात ‘कुंचलारहित दुहेरी-भरण जनित्र’ असा शब्द असून पुढे ‘म्हणजे स्थाता व घूर्णक या दोन्हींना वीजपुरवठा असलेले’ असा खुलासा दिला आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : शब्द बदलावा लागेल, पण त्याआधी खुलासा खोडा. तो या यंत्राला लागूच होत नाही.

पवनचक्क्यांत सर्रास असणाऱ्या नेहमीच्या डबली-फेड जनरेटरचं ते वर्णन आहे. त्यात स्टेटर (स्थाता, यंत्राचा स्थिर भाग) थेट ग्रिडला जोडलेला असतो आणि रोटरचं (घूर्णक, फिरता भाग) वाइंडिंग स्लिप रिंग (रोटरच्या आसावरची धातूची कडी) व त्यांवर घासणाऱ्या कार्बनच्या ब्रशमार्फत कन्व्हर्टरला, म्हणजे विजेची वारंवारता बदलणाऱ्या उपकरणाला. ब्रश काढून टाकले की रोटरकडे जायची वाट बंद. म्हणून ब्रशलेस प्रकारात दोन्ही जोडण्या स्टेटरवरच येतात. एकाच स्टेटरच्या खाचांत दोन स्वतंत्र थ्री-फेज वाइंडिंग असतात. एक पॉवर वाइंडिंग, ते थेट ग्रिडला. दुसरं कंट्रोल वाइंडिंग, ते कन्व्हर्टरमार्फत. दोघांचे पोल वेगळे ठेवतात, उदाहरणार्थ ४ आणि ८, म्हणजे एकाचं चुंबकीय क्षेत्र दुसऱ्यात थेट व्होल्टेज निर्माण करत नाही. त्यांची गाठ घालून देतो तो रोटर. साध्या मोटारीतल्या सळ्यांच्या पिंजऱ्याऐवजी त्यावर एकात एक बसवलेल्या वेटोळ्यांचे गट असतात. गटांची संख्या दोन्ही वाइंडिंगच्या पोल-जोड्यांच्या बेरजेइतकी, इथे २ + ४ = ६. या रोटरला बाहेरून एकही तार जात नाही. मुलांनी ‘घूर्णकाला पुरवठा’ असं वाचलं तर ती नसलेल्या स्लिप रिंग शोधत बसतील.

आता ‘भरण’. सातपूर-अंबडच्या वाइंडिंगच्या दुकानांत काय आणि सिन्नर-निफाडच्या विहिरींवर काय, ‘मोटार भरायला दिली’ म्हणजे जळालेली तार काढून नवं वाइंडिंग घालायला दिली. तुमचे विद्यार्थी उद्या त्याच दुकानांत काम करणार. ‘दुहेरी-भरण’ म्हणजे दोनदा रिवाइंड केलेलं, असंच ते समजतील. (स्टेटरमध्ये दोन वाइंडिंग असल्याने तो अर्थ योगायोगाने अर्धा जुळतो, ही गंमत वेगळी.)

‘द्विपोषित’ किंवा ‘दुहेरी पुरवठ्याचे’ हे शब्द कानाला बरे लागतात, पण तेही अपुरे आहेत, कारण वीज नेहमी आतच जाते असं नाही. ४/८ पोलच्या यंत्राचा नैसर्गिक वेग ५० हर्ट्झवर ६० × ५० ÷ ६ (६ ही पोल-जोड्यांची बेरीज), म्हणजे मिनिटाला ५०० फेरे. त्या वेगाला कंट्रोल वाइंडिंगला डीसी लागतो. कन्व्हर्टरने १५ हर्ट्झ दिले तर वेग ६५० होतो. फेज-क्रम उलटा करून तेच १५ हर्ट्झ दिले तर ३५०. जनरेटर म्हणून चालताना ५०० च्या खाली कंट्रोल वाइंडिंग वीज घेतं आणि वर गेलं की तेही वीज बाहेर देतं. ६५० ला पॉवर वाइंडिंगच्या सुमारे ३० टक्के वीज या दुसऱ्या वाटेने येते. कन्व्हर्टर पूर्ण क्षमतेचा लागत नाही, तो यामुळेच. वीज दोन्ही दिशांनी वाहणाऱ्या वाटेला ‘पुरवठा’ कसं म्हणायचं? ‘जोडणी’ हा शब्द दिशेबद्दल काही बोलत नाही, म्हणून माझं मत ‘दुहेरी जोडणीचा’ याला.

‘कुंचला’ चित्रकाराकडे राहू द्या. वर्कशॉपमध्ये ब्रशला ‘कार्बन’ म्हणतात, पण ‘बिनकार्बनचा’ म्हटलं तर पवनऊर्जेच्या टिपणात भलताच अर्थ निघेल. ‘बिनतारी’च्या धर्तीवर ‘बिनब्रशी’ करा. मात्र या शब्दालाही एका ओळीची पुस्ती हवी. डिझेल जनरेटर-सेटमधला ब्रशलेस अल्टरनेटर फिरत्या डायोडमुळे बिनब्रशी असतो, ब्रशलेस डीसी मोटार रोटरवरच्या कायम चुंबकांमुळे. इथे दोन्ही नसतात.

बिनब्रशी म्हणजे बिनदेखभालीचा, असंही सुचवू नका. ब्रशची झीज, स्लिप रिंगवरच्या ठिणग्या आणि कार्बनच्या भुकटीने घसरणारा इन्सुलेशन रेझिस्टन्स एवढं टळतं. बेअरिंग आणि गिअरबॉक्स आहेतच. वेग कमी असल्याने गिअरबॉक्सचा वेगवान टप्पा गाळता येतो, हा फायदा खरा. पण दोन क्षेत्रं एकाच लोखंडात मावायची, म्हणून तेवढ्याच क्षमतेला यंत्र मोठं होतं. रोटरमधल्या हार्मोनिक्समुळे (चुंबकीय क्षेत्रातल्या नको असलेल्या जादा लहरींमुळे) वाया जाणारी वीजही वाढते.

खुलासा असा लिहा : ‘बिनब्रशी दुहेरी जोडणीचा जनरेटर : स्टेटरमध्ये वेगवेगळ्या पोलांची दोन वाइंडिंग, एक थेट ग्रिडला, दुसरं कन्व्हर्टरमार्फत, रोटरला बाहेरची जोडणी नाही.’ जनरेटरऐवजी ‘जनित्र’च ठेवायचं असेल तर ते नपुंसकलिंगी आहे, ‘जोडणीचा’चं ‘जोडणीचं’ करा. ‘बिनब्रशी’ तसंच राहील.