कणकेचा ब्रेड पहिल्यांदा करताय ना, मग हे वाचा
अगं, एकदम १०० टक्के कणकेवर उडी नको मारूस. आधी १५० ग्रॅम मैदा नि १५० ग्रॅम कणीक घे, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ५ ग्रॅम मीठ, आणि पाणी २०० मिली पासून सुरू कर, कारण चक्कीची कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, त्यामुळे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल नि चिकटच हवं, घाबरून वर कोरडं पीठ भुरभुरवत बसू नकोस, तिथेच ब्रेड दगड होतो. मळायच्या आधी अर्धा तास नुसतं भिजवून ठेव, कोंडा मऊ पडतो. आणि मळल्यावर पीठ फुगायला ठेवलंस की घड्याळ बघू नकोस, पीठ बघ! मे महिन्यात पाऊण तासात दुप्पट होतं, थंडीत दोन तासही लागतात. गरम असताना कापू नकोस हां, आत गिच्च लागतो. पुढच्या वेळी मैदा थोडा कमी कर.