जिलेबी, तानपुरा आणि दर्भाचा कावळा

प्रिय मनू,

परवा विमानात, पहाटेचे तीन वाजले असतील, तू मला विचारलंस, "बाबा, आजी गेली आणि चौदाव्या दिवशी तुम्ही सगळे जिलेबी कशी काय खात होतात?" मी म्हटलं, "तशी पद्धत असते." आणि डोळे मिटून घेतले. तू जे खिडकीकडे तोंड फिरवलंस, ते फ्रँकफर्ट येईपर्यंत. लहानपणी मला कुणी "पद्धत असते" म्हटलं की मलाही असाच राग यायचा. म्हणून आज श्टुटगार्टच्या घरी, झोपेचं सगळं गणित चुकलेलं असताना, लिहायला बसलोय. तुझ्या शनिवारच्या शाळेतल्या मराठीला झेपेल असं लिहीन. अडलं तर विचार.

आधी पद्धत सांगून टाकतो. घरात कुणी गेलं की सुतक लागतं. दहा दिवस देवाची पूजा नाही, गोडधोड नाही, तळण नाही. पहिल्या दिवशी तर चूलच पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. भेटायला आलेली माणसं निघताना 'येतो' म्हणत नाहीत आणि आपणही त्यांना 'या' म्हणत नाही. (वरच्या मजल्यावरचे काका एकदम उठून चालायला लागले, तेव्हा ते रागावले असं तुला वाटलं होतं. रागावले नव्हते.) मग दहावा, अकरावा, बारावा, तेरावा, आणि चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण. ते आपण आपल्या मनाने खात नाही. दुसऱ्यांनी आपल्याला खायला घालायचं असतं. मिरजेच्या मामाआजोबांनी माझ्या तोंडाशी जिलेबीचा तुकडा धरला तो त्यासाठी. तो घेतला की घर मोकळं होतं. देवापुढे दिवा लागतो, कुणाच्या लग्नाला जाता येतं, तुम्हा मुलांना मोठ्याने हसता येतं. तो तुकडा मी बराच वेळ गालातच धरून ठेवला होता, ते तुला दिसलं नसेल.

पण खरी गोष्ट जिलेबीची नाहीच. ती दहाव्या दिवसाची आहे, आणि त्या दिवशी तू आत्याबरोबर घरी होतीस.

दहाव्याचे विधी आम्ही वाळकेश्वरला बाणगंगेवर केले. समुद्र पन्नास पावलांवर, आणि तरी त्या तलावाचं पाणी गोडं. तिथे भाताचे पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा राहिलेली नाही असं समजायचं. नाही शिवला तर घरच्यांनी हात जोडून त्याची राहिलेली इच्छा ओळखायची आणि ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा. कावळे भरपूर होते. शेजारच्या कुटुंबाचा पिंड त्यांनी दोन मिनिटांत फस्त केला. आमच्याकडे एकही फिरकेना. मोठे काका म्हणाले, "वहिनी, मुलं एकमेकांना धरून राहतील." कावळा ढिम्म. मी म्हटलं, "आई, डब्यांचं काम बंद पडणार नाही." ढिम्म. मामांनी मिरजेच्या घराचं काहीतरी सांगितलं. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा, म्हणजे एका गवताचा, कावळा केला आणि तो पिंडाला लावला. तशीही सोय आहे. आपल्या पद्धतींना माणसाची घाई कळते.

माझा कावळ्यावर फारसा विश्वास नाही. पण येताना टॅक्सीत पेडर रोडवर माझ्या लक्षात आलं, की आम्ही तिघांनीही गाण्याचं नाव काढलं नव्हतं.

आजी मिरजेची. मिरज लहान गाव, पण दोन गोष्टींसाठी लांबलांबून माणसं तिथे येत आली आहेत. दवाखाने आणि तंतुवाद्यं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे तिथल्या सतारमेकर गल्लीत येतात आणि तानपुरे होऊन बाहेर पडतात. आजीची लाडकी गोष्ट विष्णू दिगंबर पलुसकरांची होती. कुरुंदवाडचा मुलगा, फटाक्याने डोळे भाजले, नजर अधू झाली, उपचाराला मिरजेत आला, आणि तिथे त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गुरू मिळाले. पुढे त्यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. "बघ, डॉक्टर शोधायला आला आणि गाणं घेऊन गेला," असं ती दर वेळी त्याच सुरात म्हणायची. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ तिथे गवई हजेरी लावतात. आजी लहानपणी वडिलांच्या मांडीवर झोपून ते गाणं ऐकायची. झोपून म्हणजे खरंच झोपून, हे मामांचं म्हणणं.

तिच्या वडिलांच्या घरी कर्नाटकातून दवाखान्यात आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक सतत उतरायचे. ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे. त्यांच्यासाठी भाकऱ्या थापता थापता ती पलटे, म्हणजे गळ्याच्या सरावाचे सूर, म्हणायची. 1965 साली सांगली आकाशवाणीवर तिने आवाजाची परीक्षा दिली आणि ती पास झाली. ते पत्र आलं तेव्हा साखरपुडा होऊन गेला होता. लग्न झालं, मुंबई आली. दादरला टिळक पुलाच्या पूर्वेला दोन खोल्या, त्यात सासू-सासरे, दोन दीर, एक नणंद, पुढे आम्ही दोघं. तानपुरा गवसणी घालून दाराच्या मागे उभा. कुणी तिला गायला बंदी केली नाही, हे मुद्दाम लिहितो, नाहीतर तू उगाच कुणावर तरी चिडशील. फक्त सकाळी डबे, रात्री सगळ्यांची झोप. राहायची दुपार, तीन ते पाच.

आता हे नीट वाच. आपल्याकडे रागांना वेळा असतात. पहाटेचा भैरव, संध्याकाळचा यमन, रात्रीचा बागेश्री. आजीला वेळ मिळायचा तो फक्त दुपारचा, म्हणून तिच्याकडे शेवटी दुपारचे रागच उरले. भीमपलासी, पटदीप, मुलतानी. एकदा मी विचारलं, "आई, भैरव येतो का तुला?" ती म्हणाली, "यायचा. आता भैरवच्या वेळेला मला दूधवाला येतो."

डब्यांचं काम सुरू झालं तेही मिरजेमुळेच. कोल्हापूरहून येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी दादरला माणसं उतरवायची. त्यातली काही परळला टाटा हॉस्पिटलला निघालेली असायची, आणि त्यांच्या खिशात चिठ्ठीवर आमचा पत्ता असायचा. दोन खोल्यांत किती मावणार? काहींना गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळे, काही हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर पथारी टाकत. आजीने पाहिलं, की ज्यांच्या तोंडाला किंवा घशाला कॅन्सर आहे त्यांना पोळी-भाजी गिळता येत नाही. मग मऊ भात, पातळ वरण, पेज, मिक्सरमधून काढलेली दुधीची भाजी. बिल्डिंगमधल्या बायकांनी वार वाटून घेतले. स्टीलचे बारा डबे होते. ती याला 'समाजसेवा' वगैरे काही म्हणायची नाही. 'डबे' म्हणायची. आणि एका वहीत न परत आलेल्या झाकणांची यादी ठेवायची. ती यादी वाचताना तिचा चेहरा सावकारासारखा व्हायचा.

चौदाव्याला आलेल्या त्या हिरव्या लुगड्यातल्या, तू जिच्याबद्दल "ही कोण, आणि ती एवढी का रडतेय?" म्हणून विचारलंस, त्या बाई जतच्या. त्यांच्या नवऱ्याला आमचा डबा जायचा. त्यांनी आणलेल्या डब्यात साखर होती, कारण आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. झाकण मात्र वेगळंच होतं, बसत नव्हतं. झाकणांची यादी ठेवणारी आजी असती तर तिने ते तिथल्या तिथे बोलून दाखवलं असतं.

त्या दिवशी भजनी मंडळातल्या एक मावशी बोलल्या, की आजी तानपुऱ्यासारखी होती, मागे राहून सगळ्यांना सूर द्यायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. पण मनू, हे खरं नाही, आणि तिला ते आवडलं नसतं. तिने गांधर्वच्या परीक्षांना बसवलेल्या मुली पुढे मैफली करायला लागल्या, तेव्हा ती दादर-माटुंग्याच्या एकदोन कार्यक्रमांत त्यांच्या मागे तानपुरा घेऊन बसली. घरी आली की म्हणायची, "तोंड मिटून बसायचं म्हणजे घशाला नुसती खाज." तिला पुढे बसायचं होतं. बाणगंगेवर हेच म्हणायला हवं होतं, आणि ते मला सुचलं पेडर रोडवर.

तानपुरा सध्या खालच्या मजल्यावरच्या मुलीकडे आहे. ती शिकतेय, वापरात राहील. मुंबईच्या दमट हवेत तो नुसता ठेवून चालत नाही. तुला हवा असेल तर सांग, मागवू. नको असेल तर तसंही सांग, मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी थोडंच.

या पत्राबरोबर एक ध्वनिफीत पाठवतोय. 1986 मधली आहे, तिच्या एका विद्यार्थिनीने टेपरेकॉर्डर आणला होता. मी नऊ वर्षांचा होतो. आजी मुलतानी गाते. पंख्याचा आवाज आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस. सातव्या मिनिटाच्या आसपास ती एक लांब तान घेते आणि मध्येच कुकरची शिट्टी होते. तो डब्यांचा मऊ भात. ती गाणं थांबवून म्हणते, "तीन झाल्या, गॅस बंद कर रे." मग जी पावलं वाजतात ती माझी. मी आतून परत येईपर्यंत तिने तीच तान पुन्हा पहिल्यापासून धरली होती.

तुझा,
बाबा