ड्रायव्हर अडकला? रीबूट करू नकोस

तुझा डिस्क ड्रायव्हर (डिस्क चालवणारा कोड) मध्येच अडकतो म्हणालास. रीबूट केलंस की पुरावा गेला. लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) साधारण 120 सेकंद अडकलेल्या टास्कचा स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणतं बोलावलं त्याची यादी, लॉगमध्ये टाकतो. तो खालून वर वाच आणि कोणतं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) कोणाकडे आहे ते कागदावर मांड. लॉकडेप, म्हणजे कर्नलचा लॉक-तपासनीस, चालू ठेव, तो लॉक घेण्याचा उलटसुलट क्रम आधीच पकडतो.

तुझ्या कोडमध्ये मला वेगळीच शंका येते. म्यूटेक्स (एक प्रकारचं लॉक) धरून तू जीएफपी_कर्नलने, म्हणजे गरज पडली तर डिस्कवर लिहून जागा करायची मुभा देऊन, मेमरी मागतोस. मेमरी कमी पडली की कर्नल डर्टी पानं (मेमरीतला बदललेला, पण अजून डिस्कवर न गेलेला डेटा) त्याच डिस्कवर लिहायला निघतो, म्हणजे तुझ्याच ड्रायव्हरच्या दारात, त्याच म्यूटेक्ससाठी! टेस्ट मशीनवर भरपूर रॅम असते, तिथे हे दिसतच नाही. मीही यात आठवडा घालवलाय. मेमरी लॉकआधी घे. नाहीच जमलं तर जीएफपी_नोआयओने माग, त्यात डिस्कवर लिहायची मुभा नसते. टाइमआउटचं ठिगळ मात्र लावू नकोस.