मांडवी-झुआरीच्या काठावर गरवायला पहिलं रीळ कुठलं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की पणजीला नवीन आहात, काठावरून गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, शिकायचंय, खर्चाला साडेतीन-चार हजार आहेत, आणि दुकानदाराने स्पिनिंग, बेटकास्टिंग आणि बटणाचं बंद तोंडाचं अशी तीन रिळं पुढे ठेवल्यामुळे गोंधळ झालाय.

स्पिनिंग घ्या, 4000 मापाचं.

शिंप्याच्या दोऱ्याचं रीळ उभं धरून दोरा टोकाकडून ओढलात, तर रीळ न फिरता वेढे सुटत जातात. स्पिनिंग रीळ असंच चालतं. फेकताना स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी, जागचं हलत नाही. 1905 साली इंग्लंडमधल्या इलिंगवर्थ नावाच्या कापड व्यवसायातल्या माणसाने अशा रिळाचं पेटंट घेतलं. सूत हाताळणाऱ्यालाच हे सुचावं याचं मला नवल वाटत नाही. आपल्याला त्याचा फायदा असा, की गळाला एखादं जिवंत सुंगट (कोळंबी) आणि बारीकसं शिसं असलं तरी ते लांब जातं, कारण त्या वजनाला स्पूल फिरवावं लागत नाही.

बेटकास्टिंगचं स्पूल विहिरीवरच्या रहाटासारखं फिरतं. गळ वाऱ्याला अडून मंदावला आणि स्पूल मात्र त्याच वेगाने फिरत राहिलं की दोरीचा गुंता होतो, आणि तो सोडवण्यात अख्खी ओहोटी जाते. अंगठ्याने स्पूल वेळेवर दाबायची सवय लागेपर्यंत हे होणारच. आपल्याकडे दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, त्याच वेळी बहुतेकांना कामावरून सुटून काठावर यायला जमतं. शिवाय याचा हँडल उजवा की डावा ते घेतानाच ठरतं, स्पिनिंगसारखा तो काढून दुसऱ्या बाजूला लावता येत नाही. होडीतून कांदळवनाच्या मुळांशी नेमका लूअर (खोटं आमिष) टाकायला मात्र हे रीळ फार चांगलं. दोन वर्षांनी जरूर घ्या.

बटणाचं बंद रीळ गोड्या पाण्यावर, लहान मुलांच्या हातात ठीक. दोरी कमी मावते आणि झाकणाच्या आत मीठ साचतं.

आता मुख्य गोष्ट, ड्रॅग, म्हणजे मासा ओढत असताना दोरी आवरून सोडणारा रिळातला ब्रेक. माझे मामा रिळाशिवाय गरवायचे. लाकडाच्या फळकुटावर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला, आणि मासा ओढायला लागला की तो बोटांतून सुटू द्यायचे, जरा दाबून, जरा सैल सोडून. ड्रॅगने हेच करायचं असतं. मी पहिलं रीळ स्वस्त बघून घेतलं होतं. एका मानशीच्या, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारांच्या, तोंडाशी तांबसो मासा लागला. ओहोटीला खाजनातलं, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतलं, पाणी मानशीच्या दारांतून बाहेर पडतं, त्याबरोबर सुंगटं आणि बारीक मासळी येते, आणि तांबसो, चणक (जिताडा) तिथे दबा धरून असतात. रिळाचा ड्रॅग अडकत होता. आधी सुटेचना, मग एकदम धक्क्याने सुटला, आणि पहिल्या दोन वावांतच तांबसो दगडात शिरला. तंगूस कापला गेला. ती रात्र मी विसरलेलो नाही, म्हणूनच एवढं लांबण लावतोय.

तांबसो गळ घेतल्याबरोबर मागे वळून बिळाकडे धावतो. त्याला थांबवायला ड्रॅग घट्ट लागतो. चणक उघड्या पाण्यात दूर पळते, उडी मारून डोकं झटकते, आणि तिच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते. तिथे दोरी एकसारखी, न अडखळता सुटली पाहिजे. म्हणून दुकानात खोक्यावरचे ड्रॅगचे किलो आणि बेअरिंगची संख्या वाचत बसू नका. ड्रॅग अर्धवट आवळा आणि दोरी हाताने सावकाश ओढा. सुरुवातीलाच हिसका बसला, तर ते रीळ परत ठेवा.

घरी दोरी स्प्रिंगच्या काट्याला बांधून ड्रॅग लावा. दोरी जितक्या वजनाला तुटते, त्याच्या चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. 20 पाउंडांची, म्हणजे साधारण 9 किलोंची ब्रेडेड (विणलेली) दोरी असेल तर सव्वादोन ते तीन किलो. स्पूलवर आधी तंगुसाचे थोडे वेढे घ्या, नाहीतर ब्रेडेड दोरी धातूवर घसरते आणि ड्रॅग खराब असल्याचा भास होतो. पुढच्या टोकाला वावभर 40 पाउंडांचा जाड तंगूस बांधा, तो दगड आणि चणकीचे कल्ले सोसतो. फेकून झाल्यावर बेल, म्हणजे रिळावरची उघडझाप होणारी तारेची कमान, हाताने बंद करा, हँडल फिरवून नको, म्हणजे दोरीला पीळ कमी पडतो.

आपलं पाणी खारट, तेव्हा परतल्यावर आळस करू नका. ड्रॅग घट्ट आवळून रिळावर नळाचं पाणी हलकेच सोडा. बादलीत बुडवू नका, मीठ आत जातं. पुसून वाळलं की ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात.

मानशीच्या तोंडाशी मासळी धरायचा हक्क बहुधा कुणीतरी लिलावात घेतलेला असतो, तेव्हा तिथे बसण्याआधी विचारा. सुरुवातीला नदीकाठी फेरीबोटीच्या रॅम्पपासून जरा बाजूला उभं राहिलात तरी चालेल. फक्त दांडी फिरवण्याआधी मागे कुणी नाही ना, ते दर वेळी वळून बघा.