ग्रीक पुराणकथा: सुरुवात कुठून करावी?

प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या ‘थिओगनी’पासून, म्हणजे देवांच्या जन्माच्या काव्यापासून करा. जेमतेम हजारेक ओळी आहेत, दोन बैठकींत होते. वाचताना युरेनस, क्रोनस, झ्यूस असा वंशवृक्ष स्वतःच्या हाताने काढा. आयता तक्ता डोक्यात राहत नाही.

दोन कथा जुळल्या नाहीत तर गोंधळू नका. प्रेमाची देवी अफ्रोडाइटी हेसिअडकडे समुद्राच्या फेसातून जन्मते, ‘इलियड’च्या कवीकडे, होमरकडे, ती झ्यूस आणि डायोनीची मुलगी. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे कवीचं नाव लिहा, नाहीतर पुढे सगळी खिचडी होते. ज्युपिटर, व्हीनस ही रोमन नावं तूर्त बाजूलाच ठेवा.

आणि पँडोराची ‘पेटी’ खोडून टाका. पँडोरा म्हणजे कथेतली पहिली स्त्री; तिने झाकण उघडलं, सगळी संकटं बाहेर पडली आणि आत फक्त आशा उरली. मूळ शब्द पिथोस, म्हणजे धान्य-तेल साठवायचा मोठा रांजण. पेटी शिरली ती १६व्या शतकात, डच विद्वान इरॅस्मसच्या लॅटिनमधून. रांजण डोळ्यांपुढे आणला की आशा काठाखाली कशी अडकून राहिली तेही नीट दिसतं.