ली सेडोलच्या नावातला 'डोल' चिनी शब्दकोशात का सापडत नाही

बादुक, म्हणजे 'गो' या पटावरच्या खेळातला ली सेडोल हा नावाजलेला कोरियन खेळाडू. कोरियन नावं चिनी अक्षरांतही लिहितात, पण त्याच्या नावातलं शेवटचं अक्षर नेहमीच्या चिनी शब्दकोशात मिळत नाही, मग ते चिनी कसं, असं तुम्ही विचारलंय. त्या अक्षराचे दोन्ही भाग चिनी, पण जोडणी कोरियातली. तिथे घडलेल्या अशा अक्षरांना 'गुकजा' म्हणतात. भातखाचरासाठीचं 'दाप' हेही तसंच, 'शेत'च्या अक्षराच्या डोक्यावर 'पाणी'चं अक्षर ठेवून केलेलं, ते इ.स. ५६१च्या शिलालेखातही आहे.

आता 'डोल'. वर 'दगड' या अर्थाचं अक्षर, खाली एका रेघेत वळणारं 'उल'. दगडाच्या अक्षराचा चिनीतून आलेला कोरियन उच्चार 'सॉक', पण दगडाला अस्सल कोरियन शब्द 'डोल'. नुसतं वरचं अक्षर लिहिलं, तर नावात लोक 'सॉक' वाचणार. खाली 'उल' आलं की कळतं, शब्द 'ल'वर संपतो, तेव्हा 'डोल' म्हणायचं. आपण '२रा' लिहितो आणि 'दुसरा' वाचतो ना? आकडा अर्थ देतो, 'रा' शेवट सांगतो. अगदी तीच युक्ती.

मला यातला 'ल' फार आवडतो. खालच्या अक्षराचा जुना चिनी उच्चार 'त्'ने संपायचा. कोरियात असे शेवटचे 'त्' सरसकट 'ल' झाले. बुद्धासाठीचं चिनी अक्षरही तिथे असंच 'बुल' झालं. ग्यॉन्गजूच्या बुलगुक्सा मंदिराच्या नावात तेच आहे. आजच्या चिनीत खालचं अक्षर 'यी' वाचतात, त्यात 'ल'चा मागमूस नाही. म्हणून ही जोडणी कोरियन कानालाच सुचू शकते. चिनी वृत्तपत्रं तर सेडोलच्या नावात सरळ नुसता 'दगड' छापतात.

कोरियाची स्वतःची हांगुल लिपी १४४६मध्ये जाहीर झाली, तरी सरकारी दप्तर पुढे कित्येक शतकं चिनी अक्षरांतच चाललं. साध्या घरांतल्या पोरांची नावं मात्र अस्सल कोरियन. ती दप्तरात उतरवायची तर अशी अक्षरं लागणारच. (बादुकच्या सोंगट्यांनाही 'डोल'च म्हणतात, हा सेडोलच्या बाबतीत सुरेख योगायोग.)

दोन्ही रूपं शेजारी शेजारी बघायची असतील, तर जपान्यांविरुद्ध लढलेला शिन डोलसॉक (१८७८–१९०८) याचं नाव शोधा. त्यात दगड दोनदा येतो: आधी 'उल'सकट 'डोल', मग 'उल'शिवाय 'सॉक'.